वारा पडलेली संध्याकाळ

"घाण वास येतोय तोवर फार घाबरू नका. वास यायचा थांबला, की पळा."

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सबनीस मॅडमनी हे सांगितलं, तेव्हा हर्षदाला खुदकन हसू आलं होतं. "मॅडम, आम्ही कांद्याच्या गावातले," ती म्हणाली होती, "नवी नवरी आठवडाभर नाकाला पदर लावते, मग तिलाही काही कळेनासं होतं. आम्हाला वासाचं काय शिकवता?" अख्खा वर्ग हसला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "तेच तर सांगतेय," एवढं बोलून त्यांनी फळ्याकडे तोंड फिरवलं.

हर्षदानं वहीत ते वाक्य लिहूनही घेतलं नाही. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली पोर ती. हायड्रोजन सल्फाइडचं सूत्र तिला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

जांभुळधाब्याच्या केंद्राला कागदोपत्री भलंमोठं नाव होतं, पण गावानं त्याचं नाव 'म्हैस' ठेवलं होतं. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या सखल जागी ती बसली होती. काळ्या रबरी पडद्याचा फुगलेला घुमट म्हणजे तिचं पोट. शेण, गवत, उष्टं-खरकटं असा खुराक ती दिवसभर खायची, रवंथ करायची आणि दिवेलागणीला धार द्यायची. ही धार विजेची.

तसा गोबरगॅस आजोबा-पणजोबांपासून होता. नवी होती ती त्याची वेळ. राज्यातली कोळशाची वीजघरं एकेक करून बंद झाली होती. दिवसा उन्हाची वीज इतकी मुबलक की ती घ्यायला गिऱ्हाईक नसे, पण सूर्य डोंगराआड गेला की खरी पंचाईत. नेमक्या त्याच वेळी घरोघरी शेगड्या तापायच्या, दिवे लागायचे, गाड्या चार्जिंगला लागायच्या. बॅटऱ्या थोडा वेळ तग धरत. पुढचा भार वाऱ्यावर. आणि वारा नसला तर म्हशीवर. ऊन साठवणं महाग, वारा साठवणं अशक्य. पण शेणातला वायू घुमटात निमूट पडून राहतो, आणि हवा तेव्हा जाळता येतो. शिवाय लवकर कुजणारा माल दुपारी घातला, तर पोटातले जंतू तरारतात आणि ऐन संध्याकाळी वायूचा जोर वाढतो. म्हणजे केव्हा खायचं हेही ठरलेलं, आणि केव्हा दूध द्यायचं हेही.

हे ठरवणारी एक संगणकप्रणाली होती. शेकडो गावांच्या शेकडो म्हशी तीच एकटी हाकायची. तिला सगळे 'मुकादम' म्हणत. केबिनमधल्या स्पीकरमधून मुकादमाचा गोड, न दमणारा बाईचा आवाज यायचा, "आज संध्याकाळी आपल्याकडून इतकी वीज अपेक्षित आहे. धन्यवाद." संध्याकाळची पाळी हर्षदाची होती. खुराकाची जबाबदारी तिच्या नवऱ्याची, किरणची. तीन वर्षांची रेवा आईच्या पायात घुटमळत तिथंच खेळायची.

आणि किरणला एकाच गोष्टीचा अभिमान होता. केंद्र सुरू झाल्यापासून जांभुळधाब्याची एकही धार चुकली नव्हती.

डिसेंबरात समुद्रात वादळ झालं. जमिनीवर ते आलंच नाही, पण जाताना आठ-दहा जिल्ह्यांवर जाडं, राखाडी आभाळ पांघरवून गेलं. ऊन दिसेना. त्यात वारा पडला. समोरच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या हात पसरून तशाच उभ्या राहिल्या. द्राक्षाच्या वेलीचं पान हलेना. चुलीचा धूर वर चढायचा सोडून अंगणातच लोळायला लागला.

मुकादमाची मागणी रोज वाढत गेली. थंडीनं म्हशीचे जंतू आधीच सुस्तावले होते. गवत संपत आलं. तेव्हा किरणनं कांदा साठवायच्या चाळीकडे बोट दाखवलं. उन्हाळ कांदा मोड येऊन, पाणी सुटून सडत पडला होता. प्रत्येक घरात तीच गत.

"भराभर कुजतो," किरण म्हणाला. "म्हशीला सरकीच समज."

"अहो, पण कांद्यात गंधक असतं. चिरताना डोळ्यांत पाणी येतं ना, ते त्याच्यामुळंच. म्हशीच्या पोटात त्याचा विषारी वायू होतो."

"शेणात नसतं का गंधक?"

"असतं, पण चिमूटभर. इथं तुम्ही ट्रॉल्या ओतायला निघालात."

"मग ती लोखंडाच्या किसाची टाकी कशाला बसवलीय? ती गाळते ना गंधक?"

"ती इंजिन गंजू नये म्हणून आहे. इंजिनाकडं जाणारा वायू तेवढा ती गाळते. आपल्यासाठी काय आहे?"

किरण हसला. "आपल्यासाठी तू आहेस की, शास्त्रज्ञबाई!"

माणसांसाठीही एक होतं, खरं तर. कमरेला लावायची आगपेटीएवढी डबी, विषारी वायू आला की किंचाळणारी. पण कांद्याच्या हंगामात ती ऊठसूट किंचाळायची. चाळीजवळून गेलं तरी बोंब, कांद्याची ट्रॉली आली तरी बोंब. रेवा दचकून रडायची. शेवटी हर्षदानं ती बंद करून टेबलाच्या खणात टाकली होती. गावोगावी हेच झालं होतं. वास ओळखीचा, म्हणजे धोका नाही, असा सगळ्यांचा हिशेब.

पहिल्या दिवशी एकच ट्रॉली घातली. धार पूर्ण निघाली. दुसऱ्या दिवशी दोन. मग मोजायचं कोणी कशाला?

निंबाऱ्याच्या केंद्रावर प्रतिभाताई ढोमसे होत्या. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, पण रोज इंजिन सुरू करताना फोन चालू ठेवून बोलायच्या. प्रतिभाताईंना पन्नाशी उलटली होती, गुडघे धरलेले, घरात दुसरं माणूस नाही. केंद्राच्या केबिनमागेच त्यांची खोली. गाव ओढ्यापलीकडं.

"धार काढली का गं, जांभुळधाबे?" त्या दिवशीही त्यांचा फोन आला.

"काढतेय, ताई. तुमची?"

"आमची म्हैस फेसाळलीय बाई. कांदा खाऊन खाऊन ढेकर देतीय नुसती. माझा दिवंगत नवरा परवडला!"

हर्षदा हसली, पण हसू अर्ध्यातच राहिलं. "ताई, तुम्हीही कांदाच घालताय?"

"मग काय घालू? सोनं? सगळेच घालतायत. मुकादम ऐकतोय का कुणाचं?"

फोन ठेवल्यावर हर्षदाच्या मनात एक गोष्ट सरकन आली, आणि ती तिथंच घट्ट बसली. वारा असला की म्हशींना सुट्टी असते. वारा पडतो त्याच दिवशी मुकादम त्यांना पोट फुटेस्तोवर खायला लावतो. पोट फुगलं की वरची झडप आपोआप उघडते आणि जादा वायू बाहेर सोडते. एरवी तो वाऱ्यावर उडून जातो. पण वाराच नसेल तर? त्यातला गंधकाचा विषारी वायू हवेपेक्षा जड. तो जाणार कुठं? खाली. उतारानं, पाण्यासारखा, ओढ्याकडं. खड्ड्यांत, नालीत, जमिनीलगत.

जमिनीलगत. रेवाचं नाक किती उंचीवर असतं?

तिनं केबिनच्या दारातून बघितलं. रेवा पायरीवर बसून खडूनं मांजर काढत होती. सगळं रोजच्यासारखं. आभाळ मात्र कळकट, आणि घुमट ढोलासारखा ताणलेला.

"रेवा, वर ये गं."

"थांब ना. शेपूट राहिलंय."

खाली खुराकाच्या हौदाजवळून किरणचा आवाज आला, "पंप तुंबला गं! फोलपटं अडकलीत. काढून येतो!" हौदाशेजारी पंपाचा उतरता खड्डा होता, छातीएवढा खोल. कांद्याची फोलपटं ओल्या कागदासारखी जाळीला चिकटायची. ती ओढायला बांबूला बांधलेली लोखंडी आकडी तिथंच पडलेली असायची.

"राहू द्या ना! उद्या काढा!"

"धार चुकवू का मग?"

ती काही बोलणार, तेवढ्यात मुकादमाचा आवाज आला, "आपल्याकडून मागणी वाढवण्यात आली आहे. धन्यवाद." हौदातला घुसळणारा पंखा आपोआप वेगानं फिरू लागला. सडलेल्या कांद्याच्या रबडीत बुडबुडे उठले. हर्षदा पडद्यावरचे आकडे बघत राहिली. इंजिनाकडं जाणारा वायू स्वच्छ. सगळे आकडे हिरवे.

"मम्मी," पायरीवरून रेवा आनंदानं ओरडली, "घाण गेली!"

"काय गं?"

"घाण वास गेला. मस्त झालं!"

हर्षदा पडद्यापासून वळली. तिनं नाकानं जोरात हवा ओढली. काही नाही. कांद्याचा वास नाही, शेणाचा नाही, इंजिनाच्या तेलाचा नाही. एका झेपेत पायरी गाठून तिनं रेवाला उचललं आणि तिच्या केसांत नाक खुपसलं. सकाळीच तिनं लेकीच्या डोक्याला माक्याचं तेल चोपडलं होतं. केस तेलकट लागत होते. वास नव्हता.

थोडा वायू असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की आधी नाक मारतो. माणसाला वाटतं, हवा स्वच्छ झाली. मग माणूस पडतो.

तिनं श्वास रोखला. रेवाचं तोंड छातीशी दाबलं. पळता पळता भिंतीवरचं लाल बटण तळव्यानं ठोकलं. इंजिन खोकत थांबलं, घुसळणारा पंखा थांबला, आणि समोरच्या वस्त्यांवरचे दिवे क्षणभर विझून पुन्हा लागले. पाठीमागं स्पीकर बोलतच होता, "जांभुळधाबे केंद्र बंद झाले आहे. आपला वाटा निंबारे केंद्राकडे वळवण्यात येत आहे. धन्यवाद."

ते शब्द तिच्या कानात शिरले, पण डोक्यापर्यंत पोचले नाहीत. ती चढावरनं वर, गावाच्या रस्त्याकडं पळत होती. उंचावर आल्यावर तिनं श्वास घेतला आणि ओरडली, "अहो! वर या! सोडा ते! अहो!"

उत्तर नाही.

खड्ड्याच्या उतारावर किरणचे बूट दिसत होते. तळवे वर. हलत नव्हते.

"किरण! किरण!" लग्नानंतर तिनं पहिल्यांदाच त्याला असं नावानं हाक मारली, आणि तेवढ्यात तिची सासू आणि थोरले दीर विलासभाऊजी धावत आले. भाऊजी बागेत फवारणी करून परतत होते. त्यांचा ट्रॅक्टर रस्त्यावर तसाच धडधडत उभा होता.

"काय झालं? पडला का तो?" म्हणत भाऊजी उताराला लागलेसुद्धा.

हर्षदानं रेवाला सासूच्या कडेवर कोंबलं आणि भाऊजींच्या पुढ्यात जाऊन दोन्ही हात पसरले. "कोणी खाली जायचं नाही!"

"सरक! सख्खा भाऊ आहे माझा!"

"म्हणूनच सांगतेय. तुम्ही गेलात तर तुम्हीही पडाल. मग आईंचे दोघं जातील."

"अगं, जिवंत असेल तो! आपण काय बघत बसायचं?" भाऊजींनी तिचा दंड धरला. ते तिच्यापेक्षा दुप्पट होते. तिनं त्यांच्या शर्टाला दोन्ही मुठींनी धरलं.

"तुला नवरा नकोसा झालाय का गं?" सासू मागून किंचाळली. "सोड त्याला! काय बाई आहे का कैदाशीण!"

तो शब्द लागला. नंतर कितीतरी वर्षं लागणार होता. पण हर्षदानं मूठ सोडली नाही. विहिरीत, टाकीत, खड्ड्यात एक उतरतो, पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो, मग तिसरा. अशा बातम्या तिनं वाचल्या होत्या. सगळे एकाच घरातले. प्रेमानं माणसं अशी मरतात.

तिची नजर रस्त्याकडं गेली. ट्रॅक्टरच्या मागं द्राक्षबागेचा ब्लोअर होता. पुरुषभर रुंदीचा पंखा, औषधाचा फवारा वेलींच्या आरपार फेकणारा.

"भाऊजी, ब्लोअर! औषधाचा कॉक बंद करा. नुसता पंखा. वरनं, इथूनच, खड्ड्याच्या दिशेनं. खाली नेऊ नका, म्हशीचा वायू पेट घेईल."

भाऊजी तिच्याकडं बघत राहिले.

"वारा नाहीये ना? मग आपण करू वारा! बघताय काय?"

तेव्हा ते धावले. ट्रॅक्टर मागं घेतला, ब्लोअरचं तोंड उताराकडं फिरवलं आणि पंखा सोडला. कित्येक दिवस मुकाट बसलेली ती हवा एकदम गरजायला लागली. गवत आडवं झालं. हौदावरची फोलपटं गुलाबी पाखरांसारखी उडाली आणि ओढ्यापलीकडच्या पडीक रानात गेली. तिथं कुणाचं घर नव्हतं. हर्षदानं ते आधी बघून घेतलं होतं.

"आता जाऊ?"

"थांबा."

"अगं आता तरी!"

"थांबा म्हणते ना!"

आयुष्यात इतकं कठीण काही तिनं केलं नव्हतं. नवरा समोर पालथा पडलेला, सासू ऊर बडवत असलेली, लेक "पप्पा, पप्पा" करत असलेली, आणि तिनं नुसतं उभं राहायचं. खड्ड्यातली हवा बदलायला हवी होती. किती वेळ लागेल हे तिला ठाऊक नव्हतं. कमी थांबलं तर भाऊजी जातील. जास्त थांबलं तर किरण.

मग एका क्षणी वाऱ्यावर वास आला. सडक्या कांद्याचा, उलटी यावी असा, घाणेरडा वास. नाक परत आलं होतं. तेवढ्यावर भरवसा ठेवायची तिची हिंमत नव्हती, पण यापुढं थांबायचीही नव्हती. ट्रॅक्टरवरचा दोर तिनं भाऊजींच्या कमरेला बांधला. दुसरं टोक रस्त्यावर जमलेल्या चार माणसांच्या हातात दिलं.

"श्वास रोखून जायचं. आकडी घ्यायची, काठावरनंच त्यांच्या पट्ट्यात अडकवायची. खड्ड्यात पाय ठेवायचा नाही. पडलात तर आम्ही ओढू."

भाऊजी गेले. पहिल्यांदा आकडी निसटली. ते परत वर आले, श्वास घेतला, पुन्हा गेले. दुसऱ्यांदा आकडी किरणच्या कमरपट्ट्यात रुतली आणि सगळ्यांनी मिळून त्याला उतारावरून वर खेचलं. चेहरा मातकट पडलेला. ओठ निळसर. हर्षदानं त्याच्या छातीवर कान ठेवला. ब्लोअरच्या गोंगाटात काही ऐकू येईना. तिनं गाल त्याच्या नाकाशी नेला.

अगदी बारीक, अडखळत, खरखरत. पण येत होता. श्वास येत होता.

गावातल्या एकाची गाडी मिळाली. किरणचं डोकं मांडीवर घेऊन हर्षदा मागं बसली. भाऊजी गाडी चालवत होते आणि सासू पुढं रेवाला घट्ट धरून बसली होती. किरणचे डोळे मधूनच उघडत, पण ते कोणाला ओळखत नव्हते. "नीट होतील ना?" भाऊजींनी विचारलं. मेंदूला हवा किती वेळ मिळाली नव्हती, ते कोण सांगणार?

गाडी वळणावर आली आणि खाली खोऱ्यातले दिवे दिसले. सगळे लागलेले. एवढं होऊन कुठंच अंधार नव्हता. जांभुळधाबे बंद, आणि तरी सगळं लख्ख. कसं काय?

आणि मग ते शब्द तिच्या डोक्यापर्यंत पोचले. आपला वाटा निंबारे केंद्राकडे.

तिनं प्रतिभाताईंना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा. मोबाइलवर मुकादमाचं पान उघडलं. निंबारे केंद्राचं इंजिन पूर्ण ताकदीनं चालू होतं. हिरवं. त्याला माणूस लागत नव्हतं. मुकादम त्याला दुरून पळवू शकत होता.

तिनं मदतकेंद्राला फोन केला. तोच गोड आवाज. "निंबारे केंद्र सुरळीत चालू आहे."

"केंद्राचं नाही विचारत! तिथली बाई कशी आहे?"

"केंद्र पूर्ण क्षमतेने चालू आहे. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद."

"बंद करा ते! ऐकू येतंय का? बंद करा!"

"आपल्याला फक्त जांभुळधाबे केंद्र बंद करण्याचा अधिकार आहे."

"भाऊजी," हर्षदा म्हणाली, "निंबारे..."

भाऊजींनी आरशातून तिच्याकडं बघितलं आणि मग किरणकडं. निंबारे उलट्या दिशेला होतं. दवाखाना पुढं होता. गाडी वळवा असं म्हणायला तिचं तोंड उघडलं नाही. तिच्या मांडीवर किरणचा श्वास पुन्हा अडखळला, थांबल्यासारखा झाला, पुन्हा आला. तिनं एक हात त्याच्या छातीवर ठेवला, दुसऱ्या हातानं फोन तोंडाशी धरला, आणि केंद्रचालकांच्या गटावर, तालुक्याच्या गटावर, द्राक्षवाल्यांच्या, दूधवाल्यांच्या, रेवाच्या बालवाडीच्या, जो जो गट हाताला लागला त्या प्रत्येकावर बोलायला सुरुवात केली.

"मी जांभुळधाब्याची हर्षदा बोरस्ते. निंबाऱ्याच्या म्हशीपाशी प्रतिभाताई ढोमसे एकट्या असतात. फोन उचलत नाहीत. पडद्यावर सगळं ठीक दिसतंय, त्यावर जाऊ नका. पडद्याला माणूस दिसत नाही. ओढ्याच्या वरच्या अंगानं जा. लांबून हाक मारा. ओ आली नाही तर आत धावू नका, कोणीही धावू नका, आधी ब्लोअर न्या, दोर न्या. कोणाचा वास गेला तर तिथूनच मागं फिरा. तुम्ही त्यांना ओळखत नसाल, मीही त्यांना कधी बघितलेलं नाही. गुडघे दुखतात त्यांचे, लवकर उठता येत नाही. हे जो कोणी ऐकतोय, वाचतोय, त्यानं दुसरा कोणी गेला असेल असं म्हणू नका. तुम्ही जा. त्यांना हाक मारा, आणि त्या ओ देईपर्यंत मारत राहा."